तातडीची लिंक

केंद्रप्रमुख दयानंद बेंबडे यांनी जेवायला बसता बसता आपल्या नव्या कथेची लिंक शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर टाकली. निम्मी भाकरी झाल्यावर लक्षात आलं, की ती शाळूसोबत्यांना गेलेली नाही. त्यांच्या हाताखालच्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांना गेली आहे. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण कथेचं नाव होतं ‘साहेबांची डुलकी’. तिच्यातले साहेब आढावा बैठकीत झोपतात आणि झोपेत मान हलवतात. मान खाली आली, की लोक रजेचा अर्ज पुढे सरकवतात आणि मंजूर झाला म्हणून घेऊन जातात. हे साहेब कोण, ते तालुक्यातल्या शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी स्वतः वाचली, तर अहमदपूरचं घर सोडून बदलीवर पार जळकोटच्या टोकाला जायची तयारी ठेवावी लागणार होती.

हा सगळा उद्योग एका ऑनलाइन कथालेखन शिबिराचा. तिथल्या मालविका मॅडमनी सांगितलं होतं, की वाचकांपर्यंत पोचल्याशिवाय तुमच्यातली खरी क्षमता तुम्हालाच कळत नाही. दयानंदरावांचे वाचक तोवर सात-आठ, तेही नात्यातले. त्यांच्यात साहेब निघण्याचा धोका नव्हता. मॅडमच्या सल्ल्याने त्यांनी या वेळी लिंकवर ठसठशीत लिहिलं होतं: ‘तातडीने उघडावी. संपूर्ण वाचावी. पुढे पाठवावी.’

केंद्रप्रमुखाकडून असलं काही आलं, की शिक्षक विचार करत बसत नाहीत. खरकट्या हातानेच दयानंदरावांनी लिंक पुसली, तोवर रामकिशन गुरुजींनी ‘आमच्या शाळेचं झालं सर’ असं कळवून फोटोही टाकला होता. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत ‘साहेबांची डुलकी’ आणि पुढे हाताची घडी घालून बसलेला चौथीचा वर्ग. शेजारच्या केंद्राला वाटलं आपणच मागे राहिलो. त्यांनी ती आपल्या शाळांना पाठवली, शाळांनी पालकांना. संध्याकाळपर्यंत ती तालुकाभर झाली.

“काढून टाका की ती कथाच साइटवरून,” दयानंदरावांच्या पत्नी उज्वलाताई म्हणाल्या. “नोकरी राहिली तर पुन्हा लिहिताल.”

दयानंदरावांनी त्यासाठी बोट नेलंही. पण वाचकांचा आकडा हजाराच्या पुढे गेला होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी वाढत होता. बोट मागे आलं. भीतीतही आतून गुदगुल्या होत होत्या. जरा वेळाने काढतो, असं ते बायकोला म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. दयानंदराव उठून उभेच राहिले.

“बेंबडे, त्या लिंकचं काय हाय?”

“साहेब, ती चुकून...”

“चुकून काय? लई चांगलं काम झालं. पूर्ण तालुका शंभर टक्के. मी जिल्ह्याला कळवायलोय. दर आठवड्याला अशी एक टाकत जा.”

साहेबांनी कथा वाचलीच नव्हती. दयानंदरावांचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यांनी शिवकन्याबाईंना फोन लावला. या बाई त्यांच्या केंद्रातल्या सगळ्यात हुशार शिक्षिका. कथेतली कोणती जागा आवडली, असं त्यांनी बाईंना विचारलं.

“सर, उघडली, फोटू काढला, पुढं पाठवली. वाचायची बी होती का?”

संपूर्ण वाचावी असं लिहिलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली.

“ते तर सगळ्याच लिंकवर लिहिलेलं असतंय, सर.”

रामकिशन गुरुजींचंही तेच. आणखी चौघांना विचारलं, त्यांचंही तेच. तालुकाभर उघडलेली कथा एकानेही वाचलेली दिसत नव्हती. सुटलो म्हणून उज्वलाताईंनी देवापुढे साखर ठेवली. दयानंदराव मात्र खुर्चीत नुसते बसून राहिले. दुपारच्या भीतीपेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. वर्षभर रात्री जागून लिहिलं ते काय फोटो काढायला? मग ते उठले आणि त्यांनी साहेबांना फोन लावला.

“साहेब, ती लिंक आपण स्वतः उघडली का?”

“मला कुठं वेळ हाय? शंभर टक्के झालं म्हणल्यावर विषय संपला.”

उज्वलाताई समोरून दोन्ही हातांनी नको नको म्हणत होत्या.

“तरी एकदा वाचाच, साहेब,” दयानंदराव म्हणाले. “तुमच्यावरच लिहिलीय.”