आराखड्याला इस्त्री

"अहो, तुम्ही अख्ख्या राज्यावर बसलात!" सूनबाई किंचाळली, आणि नवरोबा पलंगावरून ताडकन उठले.

राज्य म्हणजे गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स. राज्यभरातल्या पोरापोरींना हाताला काम मिळेल असं शिक्षण कसं द्यायचं, त्याचा पाच वर्षांचा आराखडा त्यावर छापला होता. खरं तर हे सगळं पडद्यावर दाखवायचं, पण ऑफिसातला प्रोजेक्टर कधीचा बंद. ऑफिस तांत्रिक शिक्षणाचं, आणि त्या डबड्याला हात लावायची एकाची छाती नाही! म्हणून फ्लेक्स. आणि नवरोबा म्हणजे आयुष्यात कधी कशाकडे लक्ष नाही असा माणूस, तो त्यावरच फतकल मारून बसला.

सासूबाईंनी गुंडाळी उलगडली. मधोमध सुरकुत्यांचं जाळं. अक्षरांशी सासूबाईंची नुसती तोंडओळख, पण चित्र त्यांना बरोबर कळलं. एकीकडे शाळा सोडलेली मुलं, दुसरीकडे गावोगावच्या कार्यशाळा. कुठे मोटर दुरुस्ती, कुठे वेल्डिंग, कुठे रुग्णसेवा.

"हा मधला चौकोन कसला गं? सगळे बाण ह्याच्याच घशात चाललेत."

"देखरेख उपसमिती, आई. समितीच्या आधीच्या अध्यक्षांनी घालायला लावली. साधा पाना घ्यायचा तरी आधी तिला विचारायचं, आणि ती बसणार कधी तर सगळ्यांना सवड झाली की. जुन्या आराखड्यातही ती होतीच, दोन वर्षं सगळं तिथेच अडकलंय. आज दुपारी आराखडा तिच्यासकट मंजूर झाला, तर या वर्षी एकही कार्यशाळा उघडत नाही बघा. मुली वाट बघून कंटाळतात आणि घरी बसतात."

"मग काढून टाक की तिला."

"मी तिला काढलं तर समितीवाले मला काढतील," म्हणत सूनबाई आंघोळीला गेली.

सासूबाईंनी आजवर ज्या सुरकुतीवर हात टाकला ती सरळ झाली होती. त्यांनी इस्त्री तापवली. फ्लेक्सवर टेकवली मात्र, चर्र झालं. उचलायला गेल्या तर इस्त्रीबरोबर आराखडाही वर आला. जोर करून ओढली, तेव्हा राज्याच्या पोटात होडीच्या आकाराचं भोक.

रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. जुन्या उशीच्या अभ्र्याचा फुलाफुलांचा तुकडा त्यांनी मागून लावला, सुईदोऱ्यानं टाके घातले, तीनदा बोट टोचून घेतलं, खिडक्या उघडल्या आणि टॉवेलनं वारा घालू लागल्या.

"कसला वास येतोय, आई?"

"तुझ्या नवऱ्याचे मोजे."

फ्लेक्स गुंडाळला, पण जीव टांगणीला लागला. सूनबाई चप्पल घालायला लागली तशा त्या म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर."

"ऑफिसात?"

"का? मला बघून साहेबलोक पळून जातील?"

सूनबाईनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "चला."

बैठकीच्या खोलीत फ्लेक्स टांगायच्या स्टँडची एक दांडी तुटलेली निघाली. "मी धरते!" म्हणत सासूबाई पुढे झाल्या आणि एक हात थेट फुलांवर ठेवून उभ्या राहिल्या. सूनबाई मात्र छान बोलली. शाळा सुटलेली मुलगी घराजवळ काय शिकेल, तिला काम कोण देईल, सगळं पाण्यासारखं सांगितलं. एवढं बोलता येणारी बाई घरात इतकी गप्प कशी, असं सासूबाईंच्या मनात आलं.

"आजी, जरा हात काढा. मधलं दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"हात अवघडलाय, साहेब. निघत नाही."

"तरी काढा."

हात निघाला. राज्याच्या मधोमध गुलाबी फुलं.

"हे काय आहे?"

सासूबाई उगाच पदर सावरू लागल्या. सूनबाईचा आवाज मात्र जराही हलला नाही. "साहेब, इथे आधी एक चौकोन होता. आता नाही. आपल्यापैकी कुणाला तो हवा असेल तर सांगा, लगेच परत घालते."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुठला चौकोन, हे विचारायला कुणी तयार नव्हतं, कारण विचारलं की वाचलं नाही हे उघड.

"महत्त्वाचं असतं तर आठवलं असतं," निवृत्त प्राचार्य म्हणाले.

"मला तर असाच सुटसुटीत वाटतो," कारखानदार म्हणाले.

प्रत्येकासमोर जाडजूड फाइल होती आणि तिच्यात तो चौकोन जसाच्या तसा छापलेला होता. अध्यक्षांचा हात फाइलीकडे गेला. अध्यक्षांनी फाइल जवळ ओढली, आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"मंजूर," ते म्हणाले. "खरं सांगतो बाई, हा आराखडा मला आज पहिल्यांदा समजला. आभारी आहे."

परतताना बसमध्ये सासूबाईंना राहवेना. "अगं, ते भोक..."

"ठाऊक आहे. मोज्यांना जळक्या प्लास्टिकचा वास येत नाही, आई. ऑफिसात गेल्या गेल्या उघडून बघितलं. दुसरा छापून आणायला वेळही होता."

"मग आणला का नाहीस?"

"नेमकं काय जळलंय ते दिसलं ना." सूनबाईनं त्यांचं टोचलेलं बोट हातात घेतलं. "मला दोन वर्षांत जमलं नाही ते तुम्ही केलंत. या वर्षी कार्यशाळा उघडतील. किती आभार मानू?"

"आभार कसले मानतेस? तुझ्यासारखी सून मिळाली हे माझं नशीब, असं मी कधी बोलून दाखवलंय का तुला?" सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. सगळ्या आळीला त्या हेच सांगत असत, फक्त सुनेच्या माघारी. मग बराच वेळ त्यांनी ते बोट सोडवून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरोबा स्वतःच इस्त्री करून पांढरा शर्ट घालून निघाले. वरवर पुसून ठेवलेल्या इस्त्रीचा तळ कोण बघतो! दारात पाठ वळली आणि सूनबाईला हसू आवरेना. पाठीवर मोठ्या निळ्या अक्षरांत उमटलं होतं: देखरेख उपसमि.

"आई, हे काय झालं?" ते मान वळवून वळवून बघू लागले.

सासूबाईंनी एकेक अक्षर जुळवत वाचलं आणि म्हणाल्या, "हिच्या ऑफिसात जागा उरली नाही रे तिला. राहू दे आपल्याकडे. तुझ्यावर नजर ठेवायला कुणीतरी लागतंच."