आधी तुम्ही चालून दाखवा

आमच्या घराला खोल्या दोन. एकीत आम्ही सहा माणसं, दुसरीत एकटी चांदणी. चांदणी म्हणजे वरातीची घोडी. आमची खोली गळायची, तिची नाही. बाबा कुरकुरले की त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, म्हणत, "ती कमावून राह्यली. तू?"

मोठेबाबा घोड्या वरातीसाठी शिकवत आणि विकत. विकत म्हणण्यापेक्षा गिऱ्हाइकं परत पाठवत. घोडी घेणारा आधी तिचे दात बघतो, मग चाल. आमच्याकडे उलटं. "घोडी नंतर. आधी तुम्ही चालून दाखवा, भैया." सफारीतली माणसंही अंगणात खरंच चालून दाखवत. पाय आपटत चालला तो नापास. मग गूळ. सपाट तळहातावर भरवला तर ठीक, चिमटीत धरला की, "हव, समजलं. चहा पिऊन जा."

वर घोडीच्या खोड्या स्वतःच सांगत. "फटाक्याले भिते. जाडा नवरदेव बसला का मागं वळून पाहते."

बारावी झाली. माझ्या कॉलेजसाठी चांदणी विकायचं मोठेबाबांनीच ठरवलं. प्रवेशाला आठवडा उरला आणि त्यांनी चार जण नापास केले. चौथा ठेकेदार, उरला नावाच्या गावचा, मागाल ती किंमत द्यायला तयार. पण फोनवर बोलता बोलता गूळ चिमटीत धरला बिचाऱ्यानं.

मी रडकुंडीला आले. "मोठेबाबा, मले शिकवाचं हाय का नाही?"

"शिकवाचं हाय म्हणूनच इकून राह्यलो ना, पोट्टे. पण कोणालेही नाही."

शेवटच्या दिवशी सकाळी सिलतरा गावात राहणारे, तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. हळू चालले. तळहात सपाट. किंमत विचारायच्या आधी म्हणाले, "पटाखे के अलावा और किससे डरती है ये?"

मोठेबाबांनी चांदणी त्यांच्या हवाली केली. आमच्यात जनावर विकलं तरी त्याचा दोर देत नाहीत. घरची लक्ष्मी जाते म्हणे. त्यांनी दोरही देऊन टाकला. "नव्या दोरानं बिचकन ती," एवढंच बोलले.

लग्नसराईत ते अजून अनोळखी वरातींत घुसतात. खिशात गूळ. नवरदेवाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

माझ्या निकालाचा पहिला पेढा मी त्यांच्यापुढे धरला. तो त्यांनी खाल्ला नाही. रुमालात बांधला आणि सिलतऱ्याच्या बसमध्ये चढले.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली.