मुकुंदभाऊंचा रिसेप्टर

बादलीत डोकं घालून मी ओकत होते. पोटात पाणीसुद्धा उरलं नव्हतं. आणि शेजारचे मुकुंदभाऊ दारात उभे राहून विचारत होते, "वहिनी, गोळी किती वाजता घेतलीत?"

कॅन्सरच्या सलाइनची ही दुसरी खेप. अजून चार बाकी होत्या. मी तोंड पुसलं आणि सांगितलं, "आता जाणार नाही. मरायचं तर इथंच डहाणूत मरेन, आपल्या चिकूखाली."

"मरा. पण आधी वेळ सांगा."

हा माणूस असाच. औषधाच्या कारखान्यात तीस वर्षं काढली आणि येताना 'रिसेप्टर' हा शब्द घेऊन आला. मांजर रडलं तरी रिसेप्टर, कुणाची सून रुसली तरी रिसेप्टर. एकदा हे बाजारात बोंबलाचा भाव विचारायला गेले आणि कोलंबीलाही सेरोटोनिनचा रिसेप्टर असतो, हे कोळणीला अर्धा तास सांगत बसले. तेव्हापासून ते दिसले की ती पाटी झाकते.

मी खरं ते सांगितलं. सलाइनच्या तासभर आधी घ्यायची गोळी मी पदराला बांधून ठेवली होती. ओकारी आली तर घेऊ, उगाच औषध कशाला वाया घालवा! ओकारी आली, गोळी घेतली, तीही बादलीत गेली.

मुकुंदभाऊंनी कपाळावर हात मारला. "वहिनी, एसटीत रुमाल कधी टाकता? गाडी भरल्यावर?"

"डोकं खाऊ नका."

"ऐका तर. सलाइन गेलं की आतड्यात सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं. नसेवर त्याची बसायची जागा असते, तोच रिसेप्टर. ते तिथं बसलं की मेंदूला निरोप जातो, ओका! गोळीनं आधी जाऊन जागा धरली, की ते राहतं उभं."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण एसटीत जागा कशी धरतात, हे मला कुणी शिकवायला नको.

पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना ते स्वतः एसटीत बरोबर आले. सलाइनला तासभर उरला असताना तलासरीला गाडी थांबली आणि हे भर गाडीत ओरडले, "वहिनी, टाका रुमाल!" चार बायकांनी घाबरून आपापल्या जागा घट्ट धरल्या. मी गोळी गिळली.

संध्याकाळी भात आणि बोंबलाचं कालवण जेवले. वर दोन चिकू. बादली कोरडी! मुकुंदभाऊ अंगणात उभे राहून आळीभर ओरडत होते, "जागा धरली! वहिनींनी जागा धरली!" जसे काही निवडणूकच जिंकले.

"एवढं नाचायला काय झालं?" मी म्हटलं. "ओकले नाही, एवढंच ना?"

ते मग पायरीवर बसले. "हीच गोळी आमच्या कारखान्यात व्हायची. मालतीलाही हीच दिलेली. तीही तुमच्यासारखी ठेवून द्यायची. मला जेवण जावं म्हणून मागच्या वाडीत जाऊन ओकायची. मला पत्ताच नाही. दोन खेपा झाल्या आणि तिनं सलाइनला जाणं सोडलं."

मालती म्हणजे त्यांची वारलेली बायको. ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते जेवले.

माझ्या सहाही खेपा पुऱ्या झाल्या. मालती गेली. मी वाचले.