शब्बीरभाईंचं ‘हौ’

सर्व्हरने प्रश्न विचारला की आमचे शब्बीरभाई खुर्चीतून उठतात. खोलीबाहेरच्या कोपऱ्यातल्या माठातलं भांडंभर पाणी पितात, रुमालाने मिशा पुसतात, परत येऊन बसतात, चष्मा लावून प्रश्न पुन्हा वाचतात आणि मग पडद्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणतात, ‘‘हौ.’’ ‘वाय’चं बटण त्यानंतर.

लिनक्सवर काहीही बसवायला घेतलं की ते विचारतं, एवढी एवढी जागा लागेल, पुढे जाऊ का? बाकीची दुनिया न वाचताच वाय दाबून मोकळी होते. शब्बीरभाई म्हणतात, ‘‘इचारलंय की त्यानं! इचारणाऱ्याला तोंडानं उत्तर द्यावं. बटण काय, कुनीबी दाबतंय.’’ आमच्याशी ते मराठीत बोलतात आणि ‘व्हय’ म्हणतात. ‘हौ’ म्हणजेही होच, पण त्यांच्या घरातल्या दखनीतलं. तो फक्त सर्व्हरसाठी राखलेला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळतो. मी इंजिनिअर. शब्बीरभाई आधी जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर ते पन्नाशीला आल्यावर शिकले. तरी सर्व्हरखोलीची किल्ली त्यांच्या कमरेला आणि मी बाहेरच्या टेबलावर, प्रिंटरचा कागद अडकला की हाक मारायला. लोक ज्याला पोटात दुखणं म्हणतात ते मला सहा वर्षं रोज दहा ते सहा होतं.

त्यात हे डॉक्युमेंट डेटाबेसचं निघालं. आमचा माल तऱ्हेतऱ्हेचा. एका चादरीला चार रंगांची किनार, एका टॉवेलवर विणलेलं हॉटेलचं नाव, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. जुन्या तक्त्यात निम्मे रकाने रिकामे. नवा डेटाबेस घ्या, असं मी मालकांना महिनाभर समजावत होतो. दोनदा पडद्यावर चित्रं दाखवली. मालक जांभया देत होते.

एके दिवशी शब्बीरभाई चहा पिता पिता म्हणाले, ‘‘मालक, टॉवेलला टॉवेलची चिठ्ठी, चादरीला चादरीची. ज्याला जेवढं हाय तेवढंच लिवायचं. रिकामा रकाना कशाला?’’

‘‘अरे, मग असं सांगा की!’’ मालक माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्याकडे बघून! वर असंही म्हणाले, ‘‘दोघांपैकी जो हे बसवील, सर्व्हरखोली त्याच्याकडं.’’

शब्बीरभाईंनी मोठ्या रजिस्टरमध्ये एकेक आदेश सुवाच्य अक्षरात उतरवायला घेतला. सर्व्हरवर काही लिहायचं तर आधी कागदावर, हा त्यांचा नेम. चार दिवस झाले तरी उतरवणं चालूच. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी ते नमाजाला गेले आणि मी डाव साधला.

किल्लीही लागली नाही, माझ्या टेबलावरूनच सर्व्हरमध्ये शिरता येत होतं. आदेशात एक छोटासा वाय आधीच लिहून दिला की सर्व्हर काही विचारत बसत नाही. मी तो लिहिला. मध्येच बायकोचा फोन आला, ‘‘जेवलात का?’’ मी म्हटलं, ‘‘हो, हो, सगळं हो,’’ आणि कापला. चहा निवायच्या आत डेटाबेस चालू झाला. पासवर्ड घातले, दहा चादरींच्या चिठ्ठ्या भरल्या आणि मालकांना बोलावलं. मालकांनी पाठ थोपटली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

शब्बीरभाई आले. मालकांनी सांगायच्या आधीच त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या टेबलावर ठेवली. चिडले असते तर बरं वाटलं असतं. पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘‘लाइट गेली-आली तर आपोआप उठंल नव्हं?’’

ते माझ्याकडून राहिलं होतं. त्यांनी वाकून एक ओळ टाइप केली, काम झालं. मालक दारातच होते, पण शब्बीरभाई माझी चूक त्यांना बोलले नाहीत. त्या चांगुलपणाचाही मला राग आला.

मालक गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘काय काय इचारलं त्यानं?’’

‘‘काहीच नाही,’’ मी ऐटीत म्हणालो. ‘‘सगळ्याला आधीच होकार देऊन टाकला. विचारायची भानगडच नको.’’

ते खुर्चीवर बसले. रजिस्टर मिटलं.

‘‘आमची मंडळी बी लई इचारायची,’’ ते म्हणाले. ‘‘सकाळी दारात उभी ऱ्हाऊन. डबा घेतला का, चष्मा घेतला का, कवा येनार. रोज. एकदा वैतागून म्हणलो, सगळ्याला हौ समज की, इचारत जाऊ नको. तवापासनं इचारायची थांबली बघ. दार धरून नुसती उभी ऱ्हायची.’’

रजिस्टर काखेत घेत म्हणाले, ‘‘आता तीन वर्सं झाली, दारातबी कुनी न्हाई.’’

मी टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली. ‘‘चहा सांगू का?’’ एवढंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरखोलीत बसलो. खोली थंडगार, खुर्ची मऊ, सगळं मला हवं होतं तसंच. काचेतून माझं जुनं टेबल दिसत होतं आणि तिथे शब्बीरभाई प्रिंटरचा कागद सोडवत होते. बारा वाजता बायकोचा फोन आला. मी सगळी उत्तरं सावकाश दिली. तिने घाबरून विचारलं, ‘‘बरं वाटत नाही का?’’

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आलो. त्यांच्या टेबलापाशी उभा राहिलो. उगाच घसा खाकरला.

‘‘शब्बीरभाई, डबा आणला का?’’

त्यांनी वर बघितलं. मग उठले, माठाकडे गेले, भांडंभर पाणी प्याले, रुमालाने मिशा पुसल्या, परत येऊन बसले आणि चष्मा लावला.

‘‘हौ,’’ ते म्हणाले.