चोच उघडून विणा

एका जंगलात, बाळांनो, नोकरभरती निघाली. गोष्टीत सिंह आहे, पण तो दिसणार नाही. तो मीटिंगमध्ये आहे.

वादळात नदीकाठच्या पाखरांची घरटी उडाली होती. ती पुन्हा विणायला सरकारला दोन कारागीर हवे होते. मोबदला काय, तर विहिरीवर झुकलेल्या बाभळीची एकेक फांदी, कायमची. तिथे साप पोचत नाही.

पिवळोबा नावाच्या सुगरण पक्ष्याला ती फांदी हवीच होती. हो, म्हणतात सुगरण, पण घरटं विणतो तो नरच. मादी नुसती पास-नापास करते. त्याच्या गोदीने तर बजावूनच ठेवलं होतं.

"गेल्या वर्षी सापाने माझी दोन अंडी गिळली. यंदा विहिरीवरची फांदी आणि पक्कं घरटं, दोन्ही पाहिजे. नाहीतर मी चालले."

पिवळोबाने आजवर सदतीस घरटी विणली होती. वादळातसुद्धा त्यातलं एकही पडलं नव्हतं. गडी निवांत परीक्षेला गेला.

परीक्षक होते ढवळेसाहेब, म्हणजे बगळे. एका पायावर उभे. त्यांनी जन्मात काडीला काडी लावली नव्हती, म्हणून तर त्यांना परीक्षक नेमलं होतं.

"चाळीस मिनिटं," साहेब म्हणाले. "घरटं विणा. आणि विणताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलत राहा."

"बोलत? विणताना?"

"आम्हाला तुमची विचारप्रक्रिया बघायचीय."

तुमचा दादा प्रोग्राम लिहायच्या नोकरीसाठी मुलाखतीला जातो ना, तिथेही म्हणे असंच बोलायला लावतात. पण दादा बोटांनी लिहितो. पिवळोबा चोचीने विणतो.

त्याने गवताचं पातं चोचीत धरलं. "आता मी..." म्हणाला, पातं खाली. पुन्हा उचललं. "इथे गाठ..." पुन्हा खाली. चार वेळा असं झालं. शेवटी बिचाऱ्याने चोच मिटली आणि मुकाट्याने विणायला लागला. वेळ संपायच्या आत देखणं घरटं फांदीला झुलत होतं.

साहेबांनी तिकडे मान वळवली नाही. वहीत लिहिलं, 'उमेदवार गप्प. नापास.'

मग साळुंकी आली. चोच मोकळी. "सर, सर्वप्रथम घरटं म्हणजे काय, हे आपण समजून घेऊ..." चाळीस मिनिटं बाई थांबल्या नाहीत.

"घरटं कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"वेळ कमी पडला, सर. पण दिशा बरोबर होती."

"वा!" साहेब म्हणाले. साळुंकी पास.

पिवळोबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण दुसरी जागा रिकामी होती आणि महिन्याने पुन्हा परीक्षा होती. साळुंकीने लगेच क्लास काढला. पिवळोबाने नाव घातलं. महिनाभर तो चोच उघडून बोलत राहिला आणि गवताला शिवला नाही.

"अहो, घरटं कधी विणणार? दिवस भरत आलेत माझे," गोदी म्हणायची.

"आधी फांदी मिळू दे गं!"

आणि मिळाली! दुसऱ्या खेपेला तो चाळीस मिनिटं असा काही बोलला, की साहेबांनी आनंदाने पाय बदलला.

पिवळोबा उडतच गोदीला फांदी दाखवायला घेऊन आला. खाली विहीर, वर आभाळ. सापाचं नाव नाही.

"घरटं?" गोदीने विचारलं.

त्याने घसा साफ केला. "सर्वप्रथम घरटं म्हणजे काय, हे आपण..."

गोदीने त्याच्याकडे पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. भुर्रकन उडाली.

परीक्षेच्या झाडावर पहिल्या खेपेचं ते नापास घरटं अजून झुलत होतं. ती आत शिरली. एक धागा ओढून पाहिला, एक झोका घेतला. कुणाला काही विचारलं नाही. अंडी तिथेच घातली. साप येतो त्या झाडावर. पण काय करणार, घरटं तिथे होतं.

पिवळोबाला बढती मिळाली. आता तोही परीक्षक आहे. त्याच झाडाखाली एका पायावर उभा राहायला शिकतोय. वर बघत नाही.

नदीकाठची पिल्लं अजून उघड्यावरच आहेत. पण घरटं म्हणजे काय, हे आता त्यांना तोंडपाठ आहे.

तात्पर्य: बाळांनो, चोचीतलं काम आधी खाली टाका. त्याशिवाय नोकरी लागत नाही. अंडी घालायची वेळ आली, तर नापास झालेल्याचा पत्ता शोधा.