सकुबाईचा खराखुरा अभिप्राय

टीका पचवावी तर दिनेशनं. हे अर्थात दिनेशचंच म्हणणं. राहणार आसनगाव, नोकरी कल्याणला चष्म्याच्या दुकानात, काम लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून हा गृहस्थ शहापूर-मुरबाडचे डोंगर पालथे घालायचा, फोटो काढायचा आणि फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकताना खाली न चुकता लिहायचा, ‘कृपया प्रामाणिक अभिप्राय द्यावा. मनाला लावून घेणार नाही.’

लोक लिहायचे, ‘अप्रतिम’. सिद्धगडाच्या चारशे फोटोंना चारशे वेळा ‘अप्रतिम’. एकदा एका भल्या माणसानं ‘क्षितिज जरा तिरकं वाटतंय’ असं लिहिलं. दिनेशनं त्याला अकरा परिच्छेदांचं उत्तर पाठवलं आणि क्षितिज सरळच असून बघणाऱ्याची मान तिरकी आहे, हे सिद्ध केलं. तो माणूस ग्रुप सोडून गेला. ‘मी काही मनाला लावून घेतलं नाही हं,’ असं दिनेशनं बायकोला, म्हणजे प्रमिलाला, त्या आठवड्यात सात वेळा सांगितलं.

तर अशा या दिनेशचा एक फोटो यंदा निवडला गेला. कल्याणच्या एका छायाचित्र मंडळाचं दरवर्षी प्रवासातल्या फोटोंचं प्रदर्शन भरतं. सलग पाच वर्षं त्याला नकार आला होता. सहाव्या वर्षी होकार. फोटो टोकावड्यापासून आत असलेल्या एका वाडीवरचा. एक म्हातारी घराच्या पायरीवर बसलीय, हात गुडघ्यावर, नजर कुठंतरी दूर. काळापांढरा. नाव दिलं होतं ‘प्रतीक्षा’. ग्रुपवर लोकांनी या फोटोवर निबंध लिहिले होते. कुणाला त्या नजरेत अनंत दिसलं, कुणाला शहरात गेलेला मुलगा दिसला.

पण मंडळाचे प्रमुख स्वरूप सर पडले शिस्तीचे. त्यांचा फोन आला.

“दिनेश, यंदा नियम नवीन आहे. ज्यांचा फोटो, त्यांना तो आधी दाखवायचा. त्यांचा अभिप्राय आणि अंगठा अर्जावर हवा. त्याशिवाय भिंतीवर लागणार नाही.”

“सर, त्या कुठं आणि मी कुठं.”

“शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला जाईल. रांगेत नऊजण आहेत.”

सहा वर्षांची तपश्चर्या. तिचा आता एका अंगठ्यावर भार. शनिवारी पहाटेच दिनेश निघाला. बरोबर फोटो, तोही मोठ्या काळ्या फ्रेममध्ये, काच लावून. परत येताना थेट हॉलवर पोचवायचा होता ना. शहापूरहून मुरबाडला येईपर्यंत फ्रेम वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली होती. पण मुरबाडला माळशेजकडं जाणाऱ्या एसटीत बसल्यावर दिनेशला राहवेना. एवढी चाळीस माणसं बसलीत, सहज नजर गेली एखाद्याची, आणि दोन शब्द बोलला तर? त्यानं कागद काढला आणि फ्रेम मांडीवर उभी धरली, तोंड लोकांकडं करून.

आता तुम्हीच सांगा. काळी चौकट, काळापांढरा फोटो, त्यात एकटी म्हातारी, आणि फ्रेम छातीशी धरून बसलेला गंभीर चेहऱ्याचा माणूस. आपल्याकडं असा फोटो कुणाचा असतो आणि कधी लागतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. एक दिनेश सोडून.

शेजारी ताराबाई बसल्या होत्या. त्यांनी फोटोकडं पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. फोटोतली सकुबाई त्यांची सख्खी नणंद होती.

“कधी?” ताराबाईंनी कसंबसं विचारलं.

“झाले की दोन महिने. शनिवार होता, संध्याकाळ.”

“दोन म्हयने? नि अचानक?”

“एकदम अचानक. मी वाटेनं चाललो होतो, बघतो तर पायरीवर बसलेल्या. म्हटलं, ही वेळ गेली की गेली.”

“काय बोलली का शेवटचा?”

“काही नाही. मी म्हटलं हलू नका. नाही हलल्या.”

ताराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “तरास तं नाय झाला ना तिला?”

“छे हो, एका मिनिटात आटोपलं. चेहरा बघा ना, किती शांत आहे.”

“शांत हाय खरी,” ताराबाई हुंदका देत म्हणाल्या. “पन आमाला कुनी सांगितला नाय.”

“मी लगेच ग्रुपवर टाकलं होतं. तीनशे लोकांनी बघितलं.”

“तीनशे मानूस होता? नि तिचा सख्खा भाव नाय?”

“तुमचा नंबर द्या, तुम्हाला पण घेतो,” दिनेश उदारपणे म्हणाला.

ताराबाई नुसत्या रडत राहिल्या, आणि टोकावड्याच्या अलीकडच्या थांब्यावर उतरता उतरता त्यांनी नवऱ्याला फोन लावला. इकडं दिनेशच्या अंगावर काटा आला होता. फोटो बघून माणूस रडलं! सहा वर्षांत चारशे ‘अप्रतिम’ मिळाले, पण डोळ्यांतून पाणी एकाच्याही आलं नव्हतं. त्यानं ताबडतोब ग्रुपवर कळवलं. तीनचार जणांनी लिहिलं, ‘अप्रतिम’.

टोकावड्याला उतरून तो सावळारामच्या ढाब्यावर चहाला थांबला. फ्रेम टेबलावर भिंतीला टेकवून हात धुवायला गेला आणि परत येऊन बघतो तर फ्रेमला झेंडूचा हार, पुढं दोन उदबत्त्या, आणि सावळाराम हात जोडून उभा.

दिनेशनं त्याचे जोडलेले हात धरले. “अहो, हे कशाला एवढं?”

“राहू द्या. लय चांगली बाई. आमच्याकडं करवंदं घेऊन यायची.”

“फोटो कसा वाटला?”

प्रश्न सावळारामला जरा चमत्कारिक वाटला. पण दुःखात माणूस काहीही बोलतो. “चांगला हाय. डोंगरावानी बसलीय.”

चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. अशा टायमाला नाय घेत म्हणाला. वर एका रिक्षावाल्याला हाक मारून, यांना वाडीवर सोड, सांभाळून ने, असंही बजावलं. रिक्षात बसल्यावर दिनेशला वाटलं, कल्याणात आपण फुकट आयुष्य घालवलं. कलेची कदर आहे ती इथंच. हार त्यानं काढला नाही. कुणी प्रेमानं घातलेला हार काढायचा कसा?

वाडीवर पोचला तर सकुबाईच्या अंगणात ही गर्दी. ताराबाईंचे यजमान, म्हणजे सकुबाईचा भाऊ कमळू, दोन जीप भरून माणसं घेऊन आला होता. आणि ही मंडळी नुसती रडायला आली नव्हती, भांडायलाही आली होती. मधोमध सकुबाईचा मुलगा भरत उभा होता. त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं.

“बहिनीचा दहावा केलास, बारावा केलास, नि मामाला पत्ता नाय?” कमळू गरजत होता. “तीनशे मानूस जेवाया घातलास. भाव जड झाला?”

“मामा, आई लाकडाला गेलीय. सकाळीच गेली, भाकर बांधून.”

“दोन म्हयने झाले गेल्याला नि लाकडाला गेली सांगतंस? मला?”

“येल आता. बसा ना, पानी प्या.”

“पानी प्यायचा नाय तुझ्या घरचा.”

नेमका त्याच वेळी दिनेश रिक्षातून उतरला. हातात फ्रेम, फ्रेमला हार. त्याला बघून अंगणात एकच आकांत झाला. बायकांनी सूर धरला. कमळू खाली बसला. आणि भरत, ज्याची आई सकाळी भाकर बांधून धडधाकट गेली होती, तो हार बघून पांढराफटक पडला. रानात काही झालं आणि हा माणूस सांगायला आला, असंच त्याला वाटलं. तो खांबाला धरून म्हणाला, “अरे, सकाळी तं बोलली माझ्याशी.”

दिनेश फ्रेम घेऊन उभा. एवढा अभिप्राय त्यालाही जड जाऊ लागला होता.

तेवढ्यात मागच्या पायवाटेनं सकुबाई आल्या. डोक्यावर मोळी. अंगणातली रडारड पाहिली, मोळी टाकली, आणि पळत येऊन ताराबाईंच्या गळ्यात पडल्या.

“कोन गेला गो? कोन गेला?”

“आपली सकू गेली,” ताराबाई डोळे मिटून म्हणाल्या.

“अगो बाय,” म्हणून सकुबाईंनी मोठ्यांदा हंबरडा फोडला. दोन कढ रडून झाल्यावर त्या थांबल्या. “कंची सकू?”

ताराबाईंनी डोळे उघडले. पुढची पाच मिनिटं काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. कुणी सकुबाईला चिमटे काढून पाहिले. कमळूनं रडत रडत तिला शिव्या घातल्या, जिवंत हाय तं सांगायचा नाय का म्हणाला. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. दिनेशनं फ्रेमवरचा हार काढून पाठीमागं लपवला. फार उशीर झाला होता.

“तू तोच ना,” सकुबाई म्हणाल्या, “चिखलात लोळून फोटू काढनारा?”

दिनेशनं हात जोडले. घडलेलं सगळं सांगितलं. प्रदर्शन, नियम, अर्ज, सहाची वेळ. भरत म्हणाला, अंगठा नाय भेटनार, आईला मारलीस ती मारलीस, वर सही मागतोस? घड्याळात साडेबारा झाले होते. दिनेशला कल्याणच्या भिंतीवरची आपली जागा दिसत होती आणि तिथं रांगेतल्या नऊपैकी कुणीतरी खिळा ठोकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं.

सकुबाईंना ते दिसलं. “थांब रे भरत. आभिप्राय म्हंजी काय करायचा?”

“फोटो कसा वाटला ते खरं खरं सांगायचं.”

“खरा?”

“अगदी खरं. मी मनाला लावून घेणार नाही.”

“ठेव तो खाटेवर.”

फोटो खाटेवर ठेवला गेला. सकुबाई समोर बसल्या, आणि रडायला आलेली दोन जीप माणसं मागं दाटीवाटीनं बसली.

“पाय कुठं गेलं माझं?” सकुबाईंनी सुरुवात केली.

“ते मुद्दाम. फ्रेमिंगमध्ये नजर चेहऱ्याकडं जावी म्हणून...”

“तू विचारलंस ना? मंग ऐक.”

दिनेश गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ऐकू लागला. लुगडं फाटकं आहे, धड नेसायला वेळ दिला नाही. दार अर्धं कापलंय, भरतनं एवढं निळं रंगवलं होतं, ते काळं दिसतंय. “रंग संपला होता का?” कमळूनं मधेच विचारलं. ताराबाई म्हणाल्या, एकटीच कशाला बसवलीस, घरात नातवंडं नव्हती? दिनेश अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होता.

शेवटी त्यानं चाचरत विचारलं, “आणि नजर? म्हणजे तुम्ही तिथं कुणाची वाट बघत होता?”

“वाट?” सकुबाई म्हणाल्या. “तुझी पिशवी खाली होती ना, ती शेळी खात होती. तीच बघत होती मी. सांगनार, तं तू म्हनलास हलू नको. मंग नाय हलली.”

अंगणात जो हशा उठला, तो थांबता थांबेना. कमळूला ठसका लागला, भरतनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि कमळू भरतच्या हातचं पाणी प्याला. दिनेश मात्र कागदाकडं बघत होता. अनंत गेलं, शहरातला मुलगा गेला, उरली एक शेळी. पण पुन्हा फोटोकडं पाहिलं आणि त्याला सकुबाईच्या ओठाच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू दिसलं. दोन महिने हा फोटो त्याच्या भिंतीवर होता, आणि त्याला ते दिसलं नव्हतं. त्यालाही हसू फुटलं.

“ह्यो सगळा लिवलास ना?” सकुबाई म्हणाल्या. “फोटूखाली चिकटव. एक अक्षर कमी नाय करायचा. मंग देते अंगठा.”

दिनेशनं एकदा कागद पाहिला, एकदा फोटो. शेळी खाली चिकटवली की वर ‘प्रतीक्षा’ कशी टिकणार? पण समोर बसलेली बाई खरं बोलली होती, आणि तेच तर तो सहा वर्षं मागत होता. “चिकटवतो,” तो म्हणाला. अंगठा मिळाला. निघण्याआधी त्यानं सगळ्यांचा एक फोटो काढला. रंगीत, निळ्या दारापुढं, पावलांसकट. भरतनं त्याला स्वतः मोटारसायकलवरून मुरबाडला सोडलं. वाटेत फ्रेम भरतच्या ओळखीच्या चौघांनी पाहिली, आणि प्रत्येकाला थांबून ‘आई बरी हाय’ म्हणून सांगावं लागलं. तरी सहाला पाच मिनिटं कमी असताना दिनेश हॉलवर पोचला.

रविवारी प्रदर्शन उघडलं. दिनेश हाताची घडी घालून लांब कोपऱ्यात उभा राहिला. दुपारपर्यंत त्याच्या फोटोपुढची गर्दी हटत नव्हती. लोक आधी खालचा कागद वाचायचे, हसायचे, मग मान वर करून फोटो पुन्हा बघायचे, आणि बराच वेळ बघत राहायचे. एक आजोबा बायकोला म्हणाले, “बघ, खरंच शेळी बघतेय.” दिनेशला आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं.

स्वरूप सर आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“दिनेश, पुढच्या वर्षी आम्हाला नवीन परीक्षक हवाय.”

दिनेशची छाती फुगली.

“या सकुबाई येतील का हो? जरा विचारून बघा ना.”

छाती जागेवर आली. त्यानं तिथूनच भरतला फोन लावला. भरतनं आईला दिला. दिनेशनं निरोप सांगितला.

“परीक्षक म्हंजी काय करायचा?” सकुबाईंनी विचारलं.

“समोर फोटो ठेवतात. ते बघायचे आणि जे वाटेल ते खरं खरं सांगायचं.”



“तेवढ्यासाठी मानूस बाहेरून बोलवायला लागतो?”

दिनेशनं फोन खिशात ठेवला, सरांकडं पाहिलं आणि म्हणाला, “विचार करून सांगते म्हणाल्या.”