शकूताईंची तयारी

मे महिन्यात नागपुरात कोणी शेकोटी पेटवत नाही. शकूताई पेटवायच्या.

दर वर्षी एक मेला. अंगावर गरम वाफारा यावा अशी हवा, कूलरला कितीही पाणी घाला तो नुसता खडखडणार, कुत्री नालीत जाऊन पडलेली, आणि सदर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये कडुनिंबाखाली शकूताई पदर खोचून चार काटक्यांवर फुंकर घालत बसलेल्या. तोंड लालभडक, डोळ्यांतून धारा.

"अहो, काय हे?" मी नवीनच लग्न होऊन आले होते, त्यामुळे विचारलं.

"पुस्तकात लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. "एक मेले जाळ करायचा म्हणजे करायचा."

"पुस्तक कुठलं?"

"इंग्लंडचं."

"तिकडे थंडी असते, ताई."

"असन. पण नेम तो नेम."

बहुतेक शेजाऱ्यांना वाटायचं, बाई महाराष्ट्र दिन साजरा करतात. वेगळ्या विदर्भाची आस धरून बसलेले एक काका कोपऱ्यावर राहायचे, त्यांना वाटायचं ही निषेधाची होळी आहे. ते दर वर्षी गंभीर चेहऱ्यानं येत, एक काडी टाकत, आणि शकूताईंना नमस्कार करून जात. शकूताईही नमस्कार करत. दोघांनी एकमेकांना खरं कारण कधी विचारलं नाही.

शकूताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक ऑपरेटर होत्या. चाळिशी ओलांडलेली, एकट्या राहायच्या, अंगानं काटकुळ्या. दिवसभर लोकांच्या लाइनी जोडून त्यांची बोलीही तशीच झाली होती. दूधवाला आला नाही तर "आज त्याची लाइन डाउन आहे," आणि कोणी फार बोलायला लागलं तर "बस, तीन मिनिटं झाली तुमची."

हे पुस्तक त्यांना डोरानं पाठवलं होतं. डोरा त्यांच्याबरोबर एक्स्चेंजमध्ये होती, त्यांच्याच शेजारच्या खोलीत राहायची. अँग्लो-इंडियन. पुढे आईला घेऊन ती इंग्लंडला गेली. तिथून तिनं कळवलं की इकडे एक जुना धर्म नव्यानं सुरू झालाय, चंद्र, ऋतू, झाडं, पाणी यांची पूजा करतात, स्वतःला अभिमानानं चेटकीण म्हणवून घेतात, पण कोणाचं वाईट करायचं नाही हा पहिला नियम. मी यात जाते आहे, तूही ये. आणि सोबत ते जाडजूड पुस्तक.

त्या धर्माचं नाव विक्का.

"विका?" माझ्या सासूबाई म्हणाल्या. "काय विकून राहिली ती?"

"विकून नाही हो मावशी. विक्का."

"हाव, तेच तर. किती रुपयाले?"

पुस्तकात पायऱ्या होत्या. आधी नुसतं वाचायचं, चंद्राकडे पाहायचं. मग घरात एक छोटं देवघर मांडायचं. मग जमिनीवर वर्तुळ आखून त्यात उभं राहायला शिकायचं. वर्षभर आणि वर एक दिवस असं सगळं केलं की मग मोठी पायरी, स्वतःला त्या वाटेला वाहून घ्यायचं. प्रत्येक पायरीआधी पुस्तक एकच विचारायचं: तू तयार आहेस का? आणि खाली लिहिलेलं असायचं की हे दुसरं कोणी सांगू शकत नाही. तुलाच कळेल.

तिथं शकूताई अडकल्या. त्यांचं वर्ष केव्हाच संपलं होतं. वर्षावर वर्षं गेली, तरी मोठ्या पायरीचं विचारलं की मान हलवायच्या. "अजून लाइन लागली नाही."

बाकीच्या पायऱ्या मात्र त्यांनी आपल्या पद्धतीनं पार पाडल्या होत्या. काळ्या कढईसाठी सीताबर्डीचा बाजार पालथा घातला. पुस्तकात सांगितलेली विलायती झाडं इथं उगवेनात, म्हणून त्यांच्या जागी तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता. पौर्णिमेचं वाहतं पाणी आणायला कन्हान नदीवर जायच्या आणि बसमध्ये बाटली मांडीवर धरून, कोणी पिऊ नये म्हणून, आधीच सांगून ठेवायच्या, "औषधाचं आहे." झाडू पूजेत ठेवायचा असं वाचलं तेव्हा त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. "लक्ष्मीच ती. त्या लोकांले आता कळून राहिलं."

मोठ्या पायरीसाठी पुस्तकानं मनाला विचारायचे प्रश्न दिले होते. रागातून तर करत नाहीस ना? लोभातून? कोणाला दाखवायला? शकूताई ड्युटीवरून आल्या की दाराच्या पायरीवर बसून प्रामाणिकपणे तपासायच्या आणि मला सांगायच्या.

"काय वं मंदा, आज होऊन जात होतं. पण सुपरवायझरशी भांडली. राग आहे मनात. म्हणजे आज कटाप."

दुसऱ्या दिवशी राग नसायचा, पण जिलबी जास्त खाल्लेली असायची. म्हणजे लोभ. कोणाचं वाईट करायचं नाही या नियमापायी डास मारायलाही त्या तयार नव्हत्या. संध्याकाळभर हातपंख्यानं त्यांना दाराबाहेर घालवत बसायच्या, आणि ते आमच्याकडे यायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते एका पावसाळ्यापर्यंत. मागच्या रांगेतल्या घरातलं एक लहान मूल तापानं फणफणलं. औषधानं उतरेना. तेवढ्यात कोणीतरी शकूताईंच्या खिडकीतून ती काळी कढई, झाडू आणि पेटलेली पणती पाहिली. दुपारी त्यांच्या दारासमोर आठ-दहा माणसं जमली. मुलाचा मामा पुढे होता.

"बाहेर ये वं! काय करणी करून राहिली तू आमच्या पोरावर?"

शकूताई दारात आल्या. मी त्यांना इतकं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी कोणाचंच..." आणि दाराची चौकट धरून राहिल्या. असल्या संशयावरून बाईचं काय होतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच हातात घेऊन त्या गर्दीतून वाट काढत शकूताईंच्या उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"काहून गा, करणीले काय काय लागते?"

मामा गडबडला. "मले काय माहीत?"

"मग मी सांगते. लिंबू लागते. परवा मी हिच्याकडे लिंबू मागाले आली होती, पोह्यावर पिळाले. एक नव्हतं! आठ-आठ दिवस बाजारात जात नाही ही बाई. लिंबाबिगर करणी होते का गा कधी?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"अन् मिरच्या?" सासूबाईंना जोर चढला. "भाजीत मिरची टाकत नाही ही, पोटात जळजळते म्हणून. हिच्या हातची भाजी खाऊन पाहाय एकदा. बीमार माणूसही उठून पळंल."

हसू पसरलं. सासूबाईंनी मग आवाज खाली आणला. "पोराले मोठ्या दवाखान्यात ने. रिक्षा आणते मी. चाल." आणि खरंच त्या सूप माझ्या हातात देऊन त्याच्याबरोबर गेल्या. मूल पुढे बरं झालं.

संध्याकाळी शकूताई आमच्याकडे आल्या. सासूबाईंच्या पायांशी बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "ते विकायचं जे काही आहे ते विक बाई, पण खिडकीले पडदा लाव."

पडदा लागला. आणि काही महिन्यांनी, हिवाळ्यात, शकूताई ड्युटीवरून जवळजवळ पळतच आल्या. लंडनहून ट्रंक कॉल आला होता, आणि तो त्यांनीच घेतला होता. "डोरा येऊन राहिली वं! मी हॅलो म्हटलं तर तिकडून तीच!"

त्या पंधरवड्यात मी वेगळ्याच शकूताई पाहिल्या. खोलीला चुना मारला. देवघरावर नवं कापड आलं. नवी साडी काढून पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. मोठी पायरी एकट्यानं चढता येते, तशी मैत्रिणीबरोबरही चढता येते, असं पुस्तकात होतं. "दोघी मिळून करू," त्या मला म्हणाल्या. "मले वाटते, म्हणूनच अडलं होतं."

डोरा आली. चांगली ऐसपैस झालेली, काळा चष्मा, हातात चॉकलेटांचे डबे. गळ्यात गळे पडले, दोघी रडल्या, हसल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा डोरा खोलीभर पाहत होती. तिची नजर कढईवर, पणतीवर, कन्हानच्या बाटलीवर फिरली, आणि ती एकदम खो खो हसत सुटली.

"अरे बाप रे, शकू! तू अभी तक ये सब करती है?"

"तूनेच तो भेजा था."

"वो? वो तो एक पागल औरत के चक्कर में पड़ गई थी मैं। दो महीने! फिर ठंड में जंगल जाना पड़ता था, कौन जाएगा? मैं तो भूल भी गई थी रे।"

ती वाईट नव्हती. ती मनापासून हसत होती आणि हसता हसता शकूताईंचा हात कुरवाळत होती. शकूताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याही हसल्या.

"मैं भी कहाँ करती हूँ? ऐसेच रखा है। शोभा के लिए।"

डोराचे नातेवाईक कामठीला होते. त्यांच्याकडे दोन-चार दिवस राहून ती इंग्लंडला परत गेली. स्टेशनवर शकूताई गेल्या होत्या. आल्या तेव्हा त्यांनी देवघर आवरलं, कढई पेपरात गुंडाळून पलंगाखाली सारली. पौर्णिमा आली आणि गेली. त्या बाहेर आल्या नाहीत. ड्युटीवर जायच्या, यायच्या, दार लावून घ्यायच्या. डास आले तर येऊ द्यायच्या.

एका रविवारी सासूबाईंनी मला वाटीभर आमटी देऊन पाठवलं. शकूताईंनी वाटी घेतली, बाजूला ठेवली आणि मी न विचारताच बोलायला लागल्या.

"गावी, मौद्याले, माझं लगन झालं तेव्हा मी झोपली होती. खरंच. उठवून हळद लावली. सोळाची होती मी. वर्षभरात तो माणूस गेला. मग बांगड्या फोडल्या, तेव्हाही कोणी विचारलं नाही. मग भावानं नोकरीचं पाहिलं. जा म्हटलं, गेली. इथं आली तर ही डोरा. ड्युटीच्या वेळेले फाटकाशी सायकल धरून उभी राहायची अन् ओरडायची, शकू, रेडी? मी आतून नाही म्हटलं का थांबायची. उशीर झाला तरी थांबायची. माझ्यासाठी कोणी थांबू शकते हे मले माहीतच नव्हतं वं, मंदा. कधी कधी मी तयार असून नाही म्हणायची. नुसतं ती थांबते हे ऐकाले."

बाहेर कोणीतरी बादली आपटली. शकूताईंनी डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"त्या पुस्तकानंही तसंच विचारलं. घाई नाही, तू सांग. मले इतकं बरं वाटलं का मी सांगतच नाही राहिली. वाटायचं, तिकडे तीही थांबून आहे." मग त्या हसल्या. "ती तर केव्हाच निघून गेली. मग मी कोणाले थांबवून राहिली?"

मी आमटी गरम करून दिली.

त्यानंतर किती दिवस गेले आठवत नाही. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, शकूताई आमच्या दारात आल्या. साधी धुवट साडी, केस ओले.

"मावशी, मंदा, बाहेर येता का जरा? मी तयार आहे."

कडुनिंबाखाली त्यांनी रांगोळीनं मोठं वर्तुळ काढलं. चार दिशांना माती, उदबत्ती, पणती, पाणी. पुस्तक आणलं नव्हतं. वर्तुळात जाऊन त्या उभ्या राहिल्या. पुस्तकातली इंग्रजी वाक्यं त्यांना पाठ होती हे मला माहीत होतं, पण त्या मराठीतच बोलल्या, आणि तेही हळू.

"मी शकुंतला. मले कोणी पाठवलं नाही. मी माझी आली."

बस, एवढंच. आकाशातून काही पडलं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, कोणाकडे तरी कुकरची शिटी झाली. शकूताई डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर वळवली. कोणी आंघोळ करत असताना आपण वळवतो तशी.

सासूबाई पायरीवर बसून पाहत होत्या. मग त्या म्हणाल्या, "मी येऊ का वं तिथं?"

शकूताईंनी डोळे उघडले. "तुम्ही तयार आहात का, मावशी?"

प्रत्येक गोष्टीला सासूबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. या वेळी त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. साठीच्या माझ्या सासूबाई त्या उजेडात एकदम लहान दिसल्या.

"पाहते बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "विचार करून सांगते."

"हाव," शकूताई म्हणाल्या, आणि त्यांनी वर्तुळाच्या कडेशी, स्वतःच्या शेजारी, थोडी जागा करून ठेवली.